लेखणीचा हमीभाव

तीस-चाळीस वर्षांपूर्वी अनेक मराठी घरांत एका विशिष्ट जातीचं पुस्तक हमखास सापडायचं. जाड कागद, पक्की शिवण, पानोपानी रंगीत चित्रं आणि किंमत इतकी कमी की छापताना एखादा आकडा गळाला असावा असं वाटावं. पहिल्या पानावर ‘प्रगती प्रकाशन’ किंवा ‘रादुगा प्रकाशन’ आणि खाली ‘मॉस्को’. मजकूर मात्र स्वच्छ मराठीत. अनिल हवालदारांसारखे अनुवादक रशियात राहून हे काम करत होते. ‘देनिसच्या गोष्टी’ वाचून वाढलेली एक पिढी आज पन्नाशीला टेकली आहे. त्या पुस्तकांच्या आठवणींवर ‘धुक्यात हरवलेले लाल तारे’ नावाचा माहितीपटही झाला.

हे पुस्तक हाती आलं की चौकस वाचकाच्या मनात एक प्रश्न यायचाच. कारखाना सरकारचा, शेत सरकारचं, छापखाना सरकारचा, मग गोष्ट कोणाची? ज्याने ती लिहिली त्याला काय मिळालं? ‘साम्यवादात लेखकाला कसले आलेत पैसे, सगळं फुकट!’ असं उत्तर बहुतेक जण देतात, आणि ते साफ चूक आहे. सोव्हिएत संघातले मान्यताप्राप्त लेखक, नाटककार आणि गीतकार हे त्या देशातल्या सर्वांत सधन माणसांपैकी होते.

त्यांना पैसे मिळत होते, पण ते मोजण्याचं माप वेगळं होतं. माप बदललं की पीकही बदलतं.

मालकी नको, मोबदला चालेल

क्रांतीनंतर पहिल्या वर्षभरातच बोल्शेविक सरकारने साहित्यावर हात टाकला. आधी दिवंगत अभिजात लेखकांची पुस्तकं छापण्याची मक्तेदारी सरकारने स्वतःकडे घेतली. मग नोव्हेंबर १९१८ च्या हुकुमाने कोणतीही कलाकृती, छापलेली असो वा हस्तलिखितात पडलेली, सरकारी मालमत्ता म्हणून जाहीर करता येईल अशी सोय झाली. कागदावर हे भयंकर दिसतं. पण लिहिणाऱ्याला जगायला पैसे लागतात हे सरकारलाही कळत होतं, त्यामुळे ठरलेल्या दराने मानधन द्यायची तरतूद त्याच हुकुमात होती.

पुढे १९२५ आणि १९२८ साली रीतसर कॉपीराइट कायदे आले. १९२८ च्या कायद्याने लेखकाला हयातभर आणि वारसांना त्यानंतर १५ वर्षं हक्क दिला. युरोपात तेव्हा मृत्यूनंतर ५० वर्षांकडे कल होता, त्या मानाने हे तोकडं होतं. पण खरा फरक वर्षांचा नव्हता. सरकारला वाटलं तर ते लेखकाकडून हक्क सक्तीने विकत घेऊ शकत होतं, आणि दुसऱ्या भाषेत अनुवाद करायला मूळ लेखकाची परवानगीच लागत नव्हती. देशात शंभरेक भाषा. एका भाषेतलं दुसरीत नेताना कुणाची अडवणूक होऊ नये, असा त्यामागचा विचार. या एका सवलतीने पुढे काय काय घडलं ते येईलच.

कॉपीराइट म्हणजे दोन गोष्टींचं गाठोडं असतं. एक, ‘माझ्या परवानगीशिवाय छापू नका’ असं म्हणण्याचा अधिकार. दुसरी, छापल्याबद्दल पैसे. सोव्हिएत व्यवस्थेने हे गाठोडं सोडलं, पहिला अधिकार बराचसा काढून घेतला आणि दुसरा ठेवला. पैसे किती, हे मात्र वाचकाने नव्हे, दरपत्रकाने ठरवायचं.

चाळीस हजार अक्षरांचा क्विंटल

भाव कसा ठरतो हे आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आदिलाबादहून जैनद, बेला करत कोरपन्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या जमिनीत कापूस आहे. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण. घरात मराठी, तहसिलीत तेलुगू, पण आदिलाबादच्या मार्केट यार्डात सगळ्यांना एकच भाषा कळते. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभावाने कापूस घेते, वजन क्विंटलवर होतं, आणि गाडीत यंत्र खुपसून ओलावा बघतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, बारा टक्क्यांपलीकडे गाडी परत. शेतकरी त्याप्रमाणे वागतो. कापूस कधी वेचायचा, किती वाळवायचा, कोणतं बियाणं लावायचं, हे सगळं त्या काट्याकडे आणि त्या यंत्राकडे बघून ठरतं. धाग्याचा पोत कितीही सुरेख असला तरी काटा जे मोजत नाही त्याचे पैसे नाहीत.

सोव्हिएत लेखकाच्या क्विंटलचं नाव होतं ‘लेखकाचा ताव’. एक ताव म्हणजे जागा धरून चाळीस हजार अक्षरं, किंवा कवितेच्या सातशे ओळी. आपल्याकडे प्रकाशक फॉर्म मोजतात तसंच, फक्त इथे त्यावर मानधनही ठरे. साठच्या दशकात गद्य ललित लेखनाला एका तावामागे साधारण १५० ते ४०० रूबल असा दर होता. त्यातला कोणता लावायचा हे लेखकाच्या दर्जावर आणि विषयाच्या महत्त्वावर संपादक ठरवत. १९६० च्या सुमारास कामगाराचा सरासरी मासिक पगार होता ८० रूबलच्या आसपास. वीस तावांची मध्यम कादंबरी ३०० च्या दराने गेली तर सहा हजार रूबल, म्हणजे कारखान्यातल्या माणसाची सहा वर्षांची कमाई. पुन्हा छापली तर पुन्हा पैसे. ठरावीक प्रतींचा टप्पा ओलांडला की दर उतरत जाई, पण थांबत नसे.

अशा मापाखाली काय पिकेल? जाडी. सोव्हिएत साहित्यातल्या धरणं, पोलाद कारखाने आणि सामूहिक शेती यांवरच्या भल्यामोठ्या कादंबऱ्या आज कुणी उघडत नाही, पण त्यांची पानं कशी वाढली याचं एक कारण या दरपत्रकात आहे. फक्त तेच कारण होतं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. टॉलस्टॉयच्या देशात जाड कादंबरी लिहायला पैशांची फूस लागत नाही. पण छोटी, घट्ट कथा लिहिणाऱ्याला वर्षभराच्या मेहनतीचा मोबदला अर्ध्या तावाचा मिळणार असेल, तर तो ती कथा फुगवून लघुकादंबरी करण्याचा विचार नक्की करणार. कवितेला पैसे ओळीवर. मायाकोव्हस्कीने एक ओळ तोडून पायऱ्यापायऱ्यांनी लिहायची पद्धत रूढ केली, तेव्हा ‘ओळी वाढवतोय’ अशी कुजबुज झालीच. त्याच्या लयीला त्या पायऱ्यांची गरज होती, हे कुजबुजणाऱ्यांनाही माहीत असावं. नाटककाराला प्रयोगाच्या तिकीटविक्रीतली टक्केवारी मिळे आणि तीही अंकांच्या हिशेबाने. एकांकिका लिहिणं म्हणजे पायावर धोंडा.

ओलावा मोजणारं यंत्रही होतं: ‘ग्लावलित’ हे सेन्सॉर खातं. पण ते शब्दांचा पसारा मोजत नव्हतं. त्याचं काम विचारांचा वास घेण्याचं. म्हणून फुगलेला माल पास होई आणि सडपातळ पण तिखट माल परत जाई.

वीस किलो रद्दी, एक ड्युमा

या मापाचा दुसरा परिणाम दुकानात दिसायचा. बाजारात पुस्तक खपलं की पुन्हा छापलं जातं. इथे किती प्रती छापायच्या हे वरून ठरे. त्यामुळे नेत्यांची भाषणं लाखोंनी निघत आणि धूळ खात, तर वाचकांना हवी असलेली पुस्तकं दुकानात येण्याआधीच संपत. १९७८ साली ब्रेझनेव्हच्या आठवणींची तीन पुस्तकं निघाली, लक्षावधी प्रतींत छापली गेली, आणि साहित्यासाठीचं लेनिन पारितोषिकही त्यांना मिळालं. ती प्रत्यक्षात पगारी पत्रकारांनी लिहिली होती हे उघड गुपित होतं.

कागद मात्र कमी पडत होता. मग १९७४ साली सरकारने एक योजना काढली. वीस किलो रद्दी आणून द्या, एक कूपन घ्या, त्या कूपनावर ठरलेल्या यादीतलं पुस्तक विकत घ्या. यादीत अलेक्झांडर ड्युमाच्या कादंबऱ्या होत्या, अँडरसनच्या परीकथा होत्या. लोक वर्तमानपत्रांचे गठ्ठे दोरीने बांधून रांगेत उभे राहिले. घरातली न वाचलेली सरकारी पुस्तकंही काही जणांनी त्या गठ्ठ्यांत घुसवली. नेत्याच्या भाषणांचे खंडच्या खंड देऊन एक ‘क्वीन मार्गो’ घरी न्यायची, असा हा सौदा. वाचकाच्या आवडीला साहित्य व्यवहारात जागा नव्हती, ती अशी रद्दीच्या तराजूवर प्रकट झाली.

मॉस्कोची मराठी पुस्तकं स्वस्त का, याचं उत्तरही इथेच आहे. लेखकाचे पैसे तावाच्या हिशेबाने सरकारने आधीच दिलेले किंवा लेखक दिवंगत आणि हक्कमुक्त, अनुवादकाला मोबदला सरकारकडून, छपाई सरकारी, आणि किंमत ठरवताना खर्च नव्हे, मैत्री बघायची. नफा हे ध्येय नव्हतंच.

परक्यांचं सगळं मोकळं

आता त्या अनुवादाच्या सवलतीकडे. ती देशातल्या भाषांपुरती नव्हती. सोव्हिएत संघ बर्नच्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात नव्हता, त्यामुळे बाहेर छापलेल्या पुस्तकाच्या परदेशी लेखकाला सोव्हिएत भूमीवर हक्कच नव्हता. शेरलॉक होम्सच्या कोट्यवधी प्रती तिथे खपल्या. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कॉनन डॉइलच्या वारसांनी हार्वर्डचे कायदेपंडित हॅरल्ड बर्मन यांना वकीलपत्र देऊन थेट मॉस्कोत दावा लावला. बर्मन यांनी युक्तिवाद हुशारीने बांधला: कॉपीराइट राहू द्या, पण दुसऱ्याच्या श्रमावर फुकट लाभ घेणं तुमच्याच दिवाणी कायद्यात बसत नाही. मॉस्को शहर न्यायालयाने दावा फेटाळला, वरच्या न्यायालयानेही.

याला चोरी म्हणा हवं तर. पण या मोकळ्या कुरणात एक वेगळीच बाग फुलली. अलेक्सेई टॉलस्टॉयने इटालियन ‘पिनोकिओ’ घेतला, त्यातला उपदेश काढून टाकला आणि १९३६ साली ‘बुरातिनो’ नावाचा खोडकर लाकडी पोरगा उभा केला. अलेक्झांडर वोल्कोव्हने अमेरिकी ‘विझर्ड ऑफ ऑझ’वरून १९३९ साली ‘पाचूनगरीचा जादूगार’ लिहिला आणि पुढे स्वतःच्या कल्पनेने त्याचे आणखी भाग काढले. मूळ लेखकाच्या वकिलाची नोटीस येण्याची भीती नसली की पुनर्कथन किती बिनधास्त होतं, याचे हे दोन नमुने. रशियन मुलांना आजही बुरातिनो आपलाच वाटतो.

आणि ज्यांना स्वतःचं लिहायची मुभा नव्हती ते अनुवादाच्या आडोशाला आले. बोरिस पास्तरनाकने शेक्सपिअर आणि गटेचं ‘फाउस्ट’ रशियनमध्ये आणलं, आना आख्मातोव्हानेही अनुवादावर दिवस काढले. त्यांच्या स्वतःच्या कविता छापायला बंदी, पण अनुवादाला तावाचा दर लागू! देशातले सर्वोत्तम कवी असे भाडोत्री अनुवादक झाले, त्यामुळे रशियन अनुवादाची पातळी विलक्षण उंचावली. कोणत्याही नियोजनकाराने हे ठरवलं नव्हतं.

या कुरणाची एक कड मराठीपर्यंत येते. अण्णाभाऊ साठे यांच्या लेखनाचे रशियन अनुवाद झाले, १९६१ साली ते स्वतः सोव्हिएत संघात जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. पण १९६९ साली ते वारले तोवर भारतीय लेखकाला रशियन अनुवादावर कायद्याने दमडी मागता येत नव्हती. मर्जीतल्या परदेशी लेखकांना मॉस्को कधी कधी आपणहून मानधन देई, तेही रूबलमध्ये, आणि रूबल देशाबाहेर नेता येत नसत. तिथेच राहा, तिथेच खर्चा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अण्णाभाऊंनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ काढलं तेव्हा त्यांच्या डोक्यात रॉयल्टी नव्हतीच. पोवाडा, छक्कड, लोकनाट्य हे सभेसाठी. जो गाईल त्याचं. निजामाच्या राज्यात हीच रीत तेलुगूत होती. तेलंगणच्या सशस्त्र लढ्याच्या काळात ‘मा भूमी’ हे नाटक प्रजा नाट्यमंडळीने गावोगाव नेलं. बंडी यादगिरी या गीतकाराचं निजाम सरकारवरचं गाणं तोंडोतोंडी पसरलं, आणि १९७९ च्या ‘मा भूमी’ चित्रपटात गद्दर यांच्या आवाजात ते इतकं गाजलं की पुष्कळांना ते गद्दर यांचंच वाटतं. हक्क सोडून दिला की गाणं दूर जातं, हे खरं. जाताना कर्त्याचं नाव वाटेत गळतं, हेही तितकंच खरं.

चौकट : १९७३ साली काय बदललं?

२७ मे १९७३ पासून सोव्हिएत संघ सार्वत्रिक कॉपीराइट करारात सामील झाला. भारत त्या करारात १९५८ पासूनच होता. आता परदेशी लेखकाच्या अनुवादाला परवानगी लागू लागली आणि वारसांची मुदत १५ वरून २५ वर्षांवर गेली. त्याच वर्षी ‘वाप’ ही सरकारी संस्था निघाली. परदेशात काही छापायचं तर हक्कांचा व्यवहार तिच्यामार्फतच. बंडखोर लेखकांना वेगळीच शंका आली: आपल्या हस्तलिखिताचा हक्क सरकार स्वतःकडे घेईल आणि कॉपीराइटचा भंग म्हणून परदेशातलं प्रकाशन रोखेल. ही शंका इतकी गंभीरपणे घेतली गेली की अमेरिकेने १९७६ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात खास कलम घातलं. लेखकाच्या इच्छेविरुद्ध सरकारने बळकावलेला हक्क तिथे मानला जाणार नव्हता.

मंचावर एक, कागदावर दुसरं

गीतकार-संगीतकारांची चैन वेगळीच होती. गाणं जिथे जाहीरपणे वाजेल तिथून त्यांना वाटा मिळे, त्यात हॉटेलंही आली. रोज रात्री हॉटेलातला वादकांचा ताफा एक छापील तक्ता भरे: आज कोणती गाणी वाजवली, कोणाची. त्यावरून पैसे वाटले जात. लोक जेवताना ऐकतील अशी एक हलकीफुलकी चाल ज्याला जमली, त्याची आयुष्यभराची ददात मिटली.

गोची अशी की तक्त्यावर बहुतेक नावं संगीतकार संघाच्या सदस्यांचीच असावी लागत. गिऱ्हाईक मात्र पाश्चात्त्य गाणी किंवा गल्लीतली गाणी मागायचं. ताफा ती वाजवायचा आणि तक्त्यावर एखाद्या वजनदार सदस्याचं देशभक्तिपर गीत लिहायचा. ते कुणीही ऐकलेलं नसे, पण पैसे त्याच्याच खात्यात. ज्यांची गाणी खरोखर घुमत होती ते संघाबाहेर. व्लादिमीर व्यिसोत्स्कीचा खर्जातला आवाज १९८० साली त्याच्या मृत्यूपर्यंत देशभर पोहोचला तो मुख्यतः टेपवरून टेपवर उतरवलेल्या प्रतींतून. त्याआधी तर लोकांनी इस्पितळांतल्या टाकाऊ क्ष-किरण फिल्मवर गाणी कोरली होती. बरगड्यांच्या छायाचित्रावर जॅझ.

संघाचं सदस्यत्व म्हणजे नुसता मान नव्हता, ते कामधंद्याचं प्रमाणपत्र होतं. १९६४ साली लेनिनग्राडला जोसेफ ब्रॉडस्की या तेवीस वर्षांच्या कवीवर ‘ऐतखाऊपणा’चा खटला झाला. तो अनुवाद करून कमावत होता, पण न्यायाधीशाला हवं होतं ते हे: याला कवी म्हणून कोणी नेमलं? अनुवादातली कमाई मोजली गेली, अपुरी ठरली, आणि शिक्षा झाली पाच वर्षं उत्तरेतल्या हद्दपारीची. १९८७ साली त्याच ब्रॉडस्कीला साहित्याचं नोबेल मिळालं.

पडणाऱ्या विटा

नव्वदच्या दशकात जत्रेत, बसस्टँडवर, खेळण्यांच्या गाड्यावर ‘ब्रिक गेम’ विकायला असायचा. वरून विटांचे आकार पडतात, ते फिरवून ओळ भरायची. हा खेळ, टेट्रिस, १९८४ साली मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्हने बनवला. त्याच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ संगणकाला चित्रंच काढता येत नव्हती, म्हणून विटा त्याने टंकलेखनातल्या कंसांनी रचल्या. वादिम गेरासिमोव्ह या शाळकरी पोराने तो आयबीएम संगणकावर नेला आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर खेळ शहरभर पसरला.

संगणकाचा खेळ कोणत्याच दरपत्रकात नव्हता. ताव नाही, ओळी नाहीत, अंक नाहीत. पाजित्नोव्हने आपले हक्क दहा वर्षांसाठी सरकारला देऊन टाकले. परदेशी व्यवहार ‘एलोर्ग’ नावाच्या सरकारी कंपनीकडे. तिकडे रॉबर्ट स्टाइन या मध्यस्थाने हंगेरीत खेळ पाहिला आणि कागदपत्रं नीट होण्याआधीच तो ब्रिटन-अमेरिकेत विकून टाकला. फेब्रुवारी १९८९ मध्ये तीन पार्ट्या एकाच वेळी मॉस्कोत हजर: स्टाइन, ब्रिटिश वृत्तपत्रसम्राटाचा मुलगा केव्हिन मॅक्सवेल आणि निन्टेन्डोसाठी आलेला हेंक रॉजर्स. एलोर्गच्या निकोलाय बेलिकोव्हने तिघांना वेगवेगळं भेटून कोणाकडे नक्की कोणता हक्क आहे ते शांतपणे काढून घेतलं आणि हातात खेळण्याच्या यंत्राचे हक्क निन्टेन्डोला दिले. समाजवादी नोकरशहाने भांडवलदारांना कॉपीराइटच्या कलमांत असं चितपट केल्याचं उदाहरण विरळाच. ‘गेम बॉय’वर टेट्रिसच्या साडेतीन कोटींच्या घरात प्रती गेल्या. पाजित्नोव्हला रॉयल्टी सुरू झाली १९९६ साली, सोव्हिएत संघ जाऊन पाच वर्षं उलटल्यावर.

तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा खेळ त्याने विकण्यासाठी केलाच नव्हता. सरकारी संस्थेत पगार चालू, काम ढिलं, संगणक रिकामा. विकण्याचा दबाव असता तर त्याने एवढा साधा खेळ केला असता का, हे सांगणं अवघड आहे.

नाव नसलेलं औषध

शोधांच्या बाबतीतही मालकी आणि मोबदला यांतला तोच फरक. लेनिनने १९१९ साली पेटंट रद्द केली, १९२४ साली ती परत आली, आणि १९३१ पासून त्यांच्या जोडीला ‘कर्तृत्वाचं प्रमाणपत्र’ आलं. शोध सरकारचा, नाव तुमचं, आणि शोधामुळे वर्षाला जी बचत होईल तिच्या हिशेबाने बक्षीस, जास्तीत जास्त वीस हजार रूबल. माप बचतीचं. म्हणून चालू यंत्रात छोटी सुधारणा सुचवणाऱ्या अर्जांचा पूर आला. जी नवी वस्तू आजवर नव्हतीच, तिची बचत मोजायची कशाशी?

चीनने तर सांस्कृतिक क्रांतीत लेखकांचं मानधनच बंद केलं आणि एकट्याचं नाव झळकवणं हाच दोष मानला. त्या काळात ‘प्रकल्प ५२३’ नावाच्या गुप्त लष्करी मोहिमेत व्हिएतनामच्या सैनिकांसाठी मलेरियावर औषध शोधलं जात होतं. तू यूयू या बीजिंगच्या संशोधिकेने चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा उल्लेख वाचला. ती थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. उकळल्याने गुण जात असावा हे तिच्या लक्षात आलं, कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना प्राण्यांमधल्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. पुढे सहकाऱ्यांसह तिने तो स्वतःवर तपासला. १९७७ साली शोध छापून आला तेव्हा लेखकाच्या जागी होतं एका ‘सहयोग गटा’चं नाव. पेटंटचा प्रश्नच नव्हता. चीनचा पेटंट कायदा लागू झाला १९८५ साली. नव्वदच्या दशकात या कुळातलं एक जोडऔषध स्विस कंपनीशी करार करून जगभर गेलं, तेही पेटंटसह. तू यूयूला २०१५ साली नोबेल मिळालं, आणि त्यावेळी शोध नक्की कोणाचा यावरून चीनमध्ये पुन्हा वाद पेटला.

आदिलाबादच्या डोंगरी पट्ट्यात पावसाळ्यानंतर तापाची साथ जुनीच. तिथल्या आरोग्य केंद्रात फाल्सिपारम मलेरियाच्या रुग्णाला ज्या गोळ्या देतात, त्यांचं मूळ हेच.

खंड कोणी वसूल करायचा?

इटलीचा जांजाकोमो फेल्ट्रिनेली हा कम्युनिस्ट प्रकाशक या कथेत दोनदा भेटतो. १९५७ साली त्याने पास्तरनाकचं ‘डॉक्टर झिवागो’ मॉस्कोचा विरोध झुगारून मिलानमध्ये छापलं. पुस्तक पहिल्यांदा इटलीत निघालं, म्हणून बर्न कराराचं संरक्षण त्याला मिळालं आणि जगभरचे हक्क फेल्ट्रिनेलीकडे राहिले. दहा वर्षांनी हाच गृहस्थ क्यूबाचा छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा याच्याकडून चे गव्हेराच्या छायाचित्राच्या प्रती घेऊन गेला आणि त्याची पोस्टरं छापली. मार्च १९६० मध्ये हवानातल्या एका शोकसभेत टिपलेला तो चेहरा आज टी-शर्टांवर असतो. कोर्दाला त्याबद्दल छदाम मिळाला नाही. क्यूबा तेव्हा कॉपीराइट मानत नव्हता. क्यूबा १९९७ साली बर्न करारात आला, आणि २००० साली व्होडकाच्या जाहिरातीत चे दिसताच कोर्दाने दावा लावला. तडजोडीत ५० हजार डॉलर मिळाले. त्याने ते क्यूबाच्या आरोग्यसेवेला दिले. लोकांनी भिंतीवर चे लावला तर त्याची हरकत नव्हती, त्याला राग दारूचा होता.

चीनमधलं प्रकरण याहून गमतीचं. १९६५ साली सिच्वानच्या ललित कला संस्थेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्थानिक कारागिरांना घेऊन एका जमीनदाराच्या जुन्या वाड्यात मातीचे माणसाएवढे ११४ पुतळे उभे केले: खंड भरायला आलेली कुळं, मापात मारणारे कारकून, मारझोड करणारे गुंड. नाव ‘खंडवसुलीचं अंगण’, श्रेय सामूहिक. चीनभर त्याच्या प्रतिकृती झाल्या, कुणी परवानगी विचारली नाही. १९९९ साली चीनमध्ये वाढलेला, परदेशात राहणारा कलावंत साय ग्वो-च्यांग याने व्हेनिसच्या प्रदर्शनात तेच पुतळे प्रेक्षकांसमोर पुन्हा घडवले आणि सुवर्णसिंह पारितोषिक पटकावलं. एव्हाना चीनला कॉपीराइट कायदा मिळून आठ वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी सिच्वानच्या संस्थेने हक्कभंगाबद्दल कोर्टात खेचण्याचा इशारा दिला. जमीनदाराच्या वसुलीविरुद्धच्या शिल्पासाठी आता संस्थेलाच खंड हवा होता. आणि व्हेनिसमध्ये साय याच्याबरोबर चिखल मळणाऱ्यांत १९६५ च्या मूळ गटातला एक शिल्पकारही होता.